साहेबांचा दोन नंबर

तालुक्याच्या गावातली पतसंस्था. सात संगणक, एक प्रिंटर, भिंतीवर राऊटर. सुरू होणाऱ्या संगणकाला आपला पत्ता ठाऊक नसतो. तो सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक देतो : पत्ता देणारं कोणी आहे का? राऊटर मोकळा पत्ता पुढे करतो, संगणक 'हाच द्या' म्हणतो, राऊटर नोंद करतो. १९९३ साली ठरलेली ही रीत म्हणजे डीएचसीपी. पत्ता मुदतीचा असतो. निम्मी मुदत सरली की संगणक ती वाढवून मागतो, आणि सहसा मिळते.

व्यवस्थापकसाहेबांना हे मागणं-बिगणं रुचेना. त्यातून नव्या कारकुनाच्या संगणकाला १९२.१६८.१.४ आणि आपल्याला १९२.१६८.१.९! राऊटरचा १, मग दुसरा कोण? साहेबांनी सेटिंग उघडून शेवटी स्वतःच २ लिहिला. कुणाला विचारलं नाही, राऊटरला तर नाहीच. चाललंही. असले उद्योग महिनोन्महिने बिनबोभाट चालतात, हीच त्यांची खोड.

पुढे साहेब रजेवर गेले आणि प्रिंटर दुरुस्त होऊन आला. त्याने हाक दिली. राऊटरच्या यादीत २ रिकामा होता. देण्याआधी राऊटरने त्या पत्त्यावर साद घालून पाहिली; बंद संगणक कुठून ओ देणार?

साहेब परतले, तर पडद्यावर सूचना : हा पत्ता दुसऱ्याकडे आहे. इंटरनेट नाही. काउंटरवर खातेउतारे छापून निघेनात, रांग वाढली. साहेब म्हणाले, "राऊटर बदला."

दुरुस्तीला आलेल्या मुलीने राऊटरला हात लावला नाही. "साहेब, हा दोन कुणी टाकला?"

साहेब खिडकीबाहेर पाहू लागले.

"कायमचा पत्ता राऊटरमध्येच नोंदवता येतो. प्रत्येक यंत्राला कारखान्यातून क्रमांक आलेला असतो. त्यापुढे पत्ता लिहिला की तो दुसऱ्याला जात नाही."

"मग लिहा की आमच्या नावावर!"

"प्रिंटरच्या लिहिते. त्याला सगळे शोधत येतात, त्याचा पत्ता हलून चालत नाही. तुमचा संगणक दुसऱ्यांकडे जातो, त्याच्याकडे कोणी येत नाही. त्याला नऊ काय नि एकोणीस काय!"

२ प्रिंटरच्या नावे लागला. साहेबांची सेटिंग पुन्हा 'आपोआप'वर आली आणि त्यांना मिळाला १४. उतारे भराभर निघू लागले.

मुलगी पिशवी उचलून निघाली, तसे साहेब हळूच म्हणाले, "त्या कारकुनाला अजून चारच आहे का हो?"