माणसांच्या गटाला निमित्त विचारावे

अमेरिकेत मेरीलँड राज्यातल्या बेथेस्डा इथे नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिन आहे. वैद्यकीय नियतकालिकांतल्या लेखांना विषयवार शीर्षके लावण्यासाठी ही संस्था १९६० पासून ‘मेडिकल सब्जेक्ट हेडिंग्ज’ नावाची शब्दसूची राखत आली आहे. संस्थेच्या ‘पबमेड’ या शोधस्थळावर वैद्यकीय लेख शोधणारा पुण्यातला डॉक्टर नकळत या सूचीच्याच वाटेने जातो. सूचीत अवयव, रोग, औषधे यांच्या जोडीला माणसांचे गटही आहेत. त्यांतल्या वयाच्या गटांबद्दल फारशी तक्रार होत नाही. पंचेचाळीस ते चौसष्ट म्हणजे मध्यमवयीन आणि पासष्टाव्या वर्षापासून वृद्ध ही रेघ सोयीसाठी ओढली आहे, हे सगळ्यांना कळते. पासष्टाव्या वाढदिवशी माणसाच्या पेशींत काही नवे शिरते असे कोणी मानत नाही. वंशाच्या शीर्षकाबाबत मात्र उलट घडते. तिथे सूचीकाराने रेघ ओढली असे आपल्याला वाटत नाही, माणसात आधीच असलेले काहीतरी त्याने टिपून घेतले असे वाटते. हा समज तत्त्वज्ञानाच्या कसोटीवर टिकत नाही. गटाचे शीर्षक वापरायचे तर ते कोणत्या निमित्ताने लावले, हे सोबत सांगणे बंधनकारक हवे.

आधी सूचीचाच इतिहास पाहू. एके काळी तिच्यात कॉकेसॉइड, निग्रॉइड, मंगोलॉइड, ऑस्ट्रेलॉइड अशी वंशांची शीर्षके होती. त्यांतल्या पहिल्या नावाला प्रतिष्ठा दिली ती गटिंगेनचे योहान ब्लूमेनबाख यांच्या १७९५ च्या ग्रंथाने. कवट्यांची तुलना करून त्यांनी मानवजातीचे पाच भाग पाडले आणि कॉकेशस पर्वताकडच्या जॉर्जियातली एक कवटी सर्वांत सुंदर ठरवली. २००४ च्या सुमारास सूचीतली ही नावे गेली आणि पूर्वज कोणत्या खंडातले यावरून गट आले. २०२२ च्या आवृत्तीत तेही जाऊन गोरे, काळे, आशियाई अशी सरळ नावे आली आणि पुढे त्यांना ‘लोक’ हा शब्द जोडला गेला. या बदलाबरोबर आणखी एक गोष्ट होते. शीर्षक बदलले की जुन्या नोंदींवरचे शीर्षकही सहसा बदलले जाते. म्हणजे सत्तरच्या दशकातल्या एखाद्या लेखावर आधी कवटीच्या वर्गीकरणातून आलेले नाव होते, मग पूर्वजांच्या खंडाचे आले, आता समाजात चालणाऱ्या ओळखीचे आहे. हे तीन निकष एक नव्हेत. तरी दरम्यान तो लेख कोणी पुन्हा वाचला नाही, त्यातल्या रुग्णांना कोणी काही विचारले नाही. शीर्षक खरोखर वस्तूतले काही टिपत असते तर निकष बदलल्यावर माणसांची फेरवाटणी करावी लागली असती. ती करावी लागली नाही, कारण नाव बदलले तरी खालचा गठ्ठा तोच राहिला.

या गोंधळाची उकल करायला न्यायदर्शनातला एक भेद कामी येतो. अनेक व्यक्तींत एकच धर्म दिसला की नैयायिक विचारतात, हा धर्म वस्तुतः असलेले ‘सामान्य’ आहे की आपण घातलेली ‘उपाधी’? गोत्व हे सामान्य, गाय आहे तोवर तिच्यात असणारे. स्वयंपाकीपण ही उपाधी, रांधण्याच्या निमित्ताने आलेली. उदयनाचार्यांनी सामान्य ठरायला आड येणारे सहा अडथळे सांगितले. त्यांतला एक संकर. भूतत्व आणि मूर्तत्व हे त्याचे नेहमीचे उदाहरण. आकाश भूत आहे पण मूर्त नाही, मन मूर्त आहे पण भूत नाही, आणि पृथ्वी, जल, तेज, वायू हे चौघे दोन्ही आहेत. दोन धर्म असे एकमेकांना अर्धवट छेदत असतील तर त्यांना सामान्य म्हणता येत नाही, कारण खरी वर्गवारी एकात एक बसते किंवा पूर्ण वेगळी राहते. इथे एक खुबी आहे. उपाधी ठरणे म्हणजे खोटे ठरणे नव्हे. स्वयंपाकी खरोखरच स्वयंपाकी असतो. उपाधीला फक्त निमित्त असते, आणि ते दाखवता आले पाहिजे.

आता ही कसोटी लावून पाहू. सिकलसेल हा काळ्यांचा आजार अशी समजूत अमेरिकी वैद्यकात दीर्घकाळ होती. पश्चिम आफ्रिकेत तो आहे हे खरे. पण दक्षिण आफ्रिकेतल्या खोसा लोकांत तो जवळजवळ आढळत नाही, आणि ग्रीसमध्ये, अरबस्तानात, आपल्याकडे गडचिरोली आणि नंदुरबारच्या आदिवासींत तो आहे. भूत आणि मूर्ताचाच हा नमुना: कुठे रंग आहे पण आजार नाही, कुठे आजार आहे पण तो वंश नाही, कुठे दोन्ही आहेत. कातडीचा रंग एक रेघ ओढतो, रक्तगट दुसरी, सिकलसेल तिसरी, आणि त्या जुळत नाहीत. खरे निमित्त आहे मलेरिया. सिकलसेलच्या जनुकाची एकच प्रत असलेल्याला गंभीर मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते, म्हणून पिढ्यानपिढ्या मलेरिया असलेल्या मुलखांत ते टिकले. निमित्त हाती आले की कोणाची तपासणी करायची हे कळते. वंश हाती धरला तर गडचिरोलीचे मूल निसटते.

निमित्त न विचारल्याचे फळ काय असते, ते मूत्रपिंडाच्या एका सूत्राने दाखवले. रक्तातल्या क्रिएटिनिनवरून मूत्रपिंडाची कार्यक्षमता काढण्याच्या २००९ च्या सूत्रात रुग्ण काळा असेल तर उत्तराला १.१५९ ने गुणत. वय, लिंग, क्रिएटिनिन सारखेच असलेल्या दोघांपैकी गोऱ्याचे उत्तर १८ आले तर काळ्याचे जवळपास २१ येई. अमेरिकेत प्रत्यारोपणाच्या यादीतला प्रतीक्षाकाळ हे उत्तर २० किंवा त्याखाली आले की मोजू लागतात. म्हणजे गोऱ्याचे घड्याळ सुरू होई आणि काळ्याचे थांबून राही. काळ्यांचे स्नायू जास्त असतात असे एक कारण सांगत, पण त्या रुग्णाचे स्नायू कोणी मोजत नसे. २०२१ मध्ये वंशाचा गुणक नसलेले सूत्र आले, आणि २०२३ पासून अशा रुग्णांचा गमावलेला प्रतीक्षाकाळ परत जोडण्याचा नियम झाला. एक उपाधी सामान्य समजून गणितात बसली होती, ती काढायला एवढी वर्षे लागली.

यावर जाणकार म्हणेल, ज्या दर्शनाचा आधार घेता त्याच परंपरेने ब्राह्मणत्व हे खरे सामान्य मानले होते. आक्षेप रास्त आहे. मीमांसक कुमारिल भट्टांनी तर आईबापांची माहिती असली की ब्राह्मणत्व प्रत्यक्ष दिसते असे म्हटले, आणि नव्य नैयायिकांपैकी काहींना संकर हा अडथळाच मान्य नव्हता. पण कुमारिलांच्या युक्तिवादातच त्याचे उत्तर आहे. गाय ओळखायला तिची आई कोण हे विचारावे लागत नाही. ज्याला ओळखण्यासाठी आधी वंशावळ सांगावी लागते तो धर्म डोळ्यांना दिसत नाही, तो सांगितला जातो. सुत्तनिपातातल्या वासेट्ठ सुत्तात बुद्धांनी हेच मांडले आहे: गवत, किडे, पक्षी, जनावरे यांत जन्मजात खुणा वेगवेगळ्या असतात, माणसामाणसांत तशा नसतात, तिथला भेद व्यवहारातल्या नावाचा. पुढे ‘वज्रसूची’ या संस्कृत ग्रंथाने हाच मुद्दा लढवला, आणि सतराव्या शतकात संत बहिणाबाईंच्या अभंगांतून त्याचा आशय मराठीत आला. हत्यार चुकीच्या हाती गेले म्हणून हत्यार खोटे होत नाही. ते आपल्याच गटावरही चालवावे लागते, इतकेच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. गट काढून टाकले तर अन्याय दिसणार कसा? अमेरिकेत बाळंतपणाशी संबंधित कारणांनी मरण्याचे प्रमाण काळ्या स्त्रियांत गोऱ्यांच्या सुमारे तिप्पट आहे. शीर्षक नसते तर यावरचे लेख एका ठिकाणी सापडले नसते. हे मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच मागणी शीर्षक पुसण्याची नाही. इथे वंश हे योग्य शीर्षक आहे, कारण निमित्त स्पष्ट आहे: समाज आणि दवाखाना त्या स्त्रीला कसे वागवतो. डॉ. आंबेडकरांची भूमिका या बाबतीत नमुन्यासारखी आहे. १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये त्यांनी जातिभेद म्हणजे वंशभेद नव्हे, एकाच वंशाच्या लोकांची ती सामाजिक विभागणी आहे, असे ठामपणे मांडले. तरी अस्पृश्यांना स्वतंत्र गट म्हणून मोजावे आणि संरक्षण द्यावे यासाठी ते आयुष्यभर झगडले. यात विसंगती नाही. गट निसर्गाने केलेला नाही, पण वागणुकीने केलेला आहे, आणि वागणुकीने केलेली जखम मोजल्याशिवाय भरत नाही.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. लाखो लेखांच्या सूचीत प्रत्येक गटाचे निमित्त कोण लिहीत बसणार? त्यात २०२२ पासून शीर्षके लावण्याचे काम मुख्यतः संगणकावर सोपवले आहे. पण निमित्त सूचीकाराने शोधायचे नाही, ते लेखकाने लिहायचे आहे: गट रुग्णांनी स्वतः सांगितला की कारकुनाने नोंदवला, आणि तो पूर्वजांसाठी घेतला, राहत्या जागेसाठी की वागणुकीसाठी. लेखात एवढे नसेल तर यंत्राला कळण्याचा प्रश्नच नाही. ‘आशियाई’ या एका शब्दात टोकियो आणि पुणे दोन्ही मावतात, पण पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनात जे दिसले, की इथली नवजात बाळे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने कमी पण चरबीच्या प्रमाणात मागे नाहीत, त्याची वाट आईच्या पोषणाकडे जाते. ‘आशियाई’ म्हणून थांबणारा ती वाट पाहतच नाही. नियतकालिकांच्या संपादकांनी एक नियम केला तरी पुरे: शोधनिबंधात माणसांचा गट आला की त्याचे निमित्त त्याच परिच्छेदात आले पाहिजे, आणि ज्याला निमित्त सांगता येत नाही त्याने तो गट आपल्या गणितात वापरू नये.