नांगराखालचा जीव

चेन्नईच्या वेस्ट मांबलम या जुन्या वस्तीत आजही काही घरांपुढे पहाटे सडा पडतो आणि त्यावर तांदळाच्या पिठाचे कोलम उमटते. महाराष्ट्रातील रांगोळी शिरगोळ्याची, ती डोळ्यांसाठी. कोलमचे पीठ मात्र मुंग्यांसाठीही असते, अशी तमिळ घरांतील परंपरागत धारणा आहे. दिवस वर येईतो रेषा विस्कटतात, खाल्ल्या जातात, आणि त्यातच त्यांचे सार्थक मानले जाते. (अलीकडे तेथेही अनेकदा दगडाचीच भुकटी वापरतात, हा भाग वेगळा.)

उंबऱ्यावरील मुंगीला लाभलेला हा मान उंबऱ्याखालच्या मातीला लाभलेला नाही. या वस्तीतील एका रस्त्याचे नाव लेक व्ह्यू रोड आहे. तेथून दिसावा असा तलाव आता नाही. मांबलमचा विस्तीर्ण तलाव १९२३ पासून आटवून शेजारचे त्यागरायनगर वसविण्यात आले. पुढे अंगणेही फरशीखाली गेली. कोलम आता सिमेंटवर काढतात. करुणा दिसणाऱ्या जिवापाशी थांबते की काय, हा प्रश्न येथून सुरू होतो. कारण न दिसणाऱ्यांची संख्याच अधिक आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने पृथ्वीवरील सुमारे ५९ टक्के जीवजातींचे वास्तव्य मातीत असल्याचा अंदाज मांडला. जिवाणू, बुरशा, सूत्रकृमी, गांडुळे अशी ही प्रजा. पालापाचोळ्याचे अन्न करणे, मुळांना स्फुरद पोहोचविणे, मातीचे कण जोडून पावसाला आत वाट देणे, ही कामे तिची.

न दिसणाऱ्या या जिवांचा नैतिक विचार भारतात झालाच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. जैन आचार्यांनी तो विलक्षण काटेकोरपणे केला. माती हे ज्यांचे शरीर आहे असे पृथ्वीकाय जीव त्यांनी मानले. भूमी फोडून चालणारी उपजीविका श्रावकाने टाळावी, असेही सांगितले. पण जिनसेनाच्या नवव्या शतकातील ‘आदिपुराणा’त प्रथम तीर्थंकर ऋषभदेव लोकांना जी सहा कर्मे शिकवितात, त्यांत असि आणि मसि यांच्या जोडीला कृषीही आहे. हा पेच ग्रंथांतच राहिला नाही. कोल्हापूर, सांगली, बेळगाव या पट्ट्यातील जैन समाज मोठ्या प्रमाणात शेतकरी आहे; पिढ्यानपिढ्या त्याने नांगर धरला आहे. त्याला आधार मिळाला तो हिंसेच्या वर्गीकरणाचा. मारण्याच्या हेतूने केलेली ती संकल्पी हिंसा; उपजीविकेत अपरिहार्यपणे घडते ती उद्योगी. गृहस्थाने पहिली सर्वथा टाळावी, दुसरी विवेकाने मर्यादित ठेवावी.

या विवेचनाचा सारा भार ‘अपरिहार्य’ या एका शब्दावर आहे, आणि तोच शब्द आज डळमळीत झाला आहे. डार्विनने १८८१ मधील आपल्या ग्रंथात दाखविले होते की, माणसाच्या नांगराच्या फार पूर्वीपासून गांडुळे जमीन नांगरीत आली आहेत. नांगरटीने बुरशीचे तंतू तुटतात, गांडुळांची बिळे मोडतात. मोकळ्या हवेत जिवाणू मातीतील सेंद्रिय कर्ब झपाट्याने संपवितात; त्यातून सुटलेल्या अन्नावर त्या हंगामाचे पीक तरारते, आणि ही मोडतोड शेतकऱ्याला सुपीकता वाटते. भुलावण मोठी आहे. कारण भांडवल खर्ची पडत असते आणि हाती येते ते व्याजासारखे दिसते.

कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर यांनी भूसूक्ष्मजीवशास्त्राच्या अभ्यासातून नांगरणीविना शेतीचा पुरस्कार केला आणि त्यावर मराठीत विपुल लिहिले. रायगड जिल्ह्यातील नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांनी भातासाठी सगुणा तंत्र रूढ केले: गादीवाफे एकदाच करायचे, चिखलणी नाही, लावणी नाही, आधीच्या पिकाची मुळे जमिनीतच कुजू द्यायची. अशा शेतांत गांडुळे परततात. नांगराविना पीक येऊ शकत असेल, तर त्या शेतात नांगर चालविणे उद्योगी हिंसेत मोडते की, जाणून केल्यामुळे संकल्पीच्या जवळ जाते? जुन्या आचार्यांना हा प्रश्न पडला नाही. पर्यायच समोर नव्हता.

तथापि उत्तर सोपे नाही. सगुणा तंत्रात तणाचा बंदोबस्त तणनाशकाने करतात. नांगर ठेवला, तर फवारणीचा पंप उचलावा लागला. यावरून या प्रयोगाला दांभिक म्हणणे अन्यायाचे होईल. चिखलणीला लागणारे मनुष्यबळ आज कोकणातील किती घरांत उरले आहे? पण शुद्ध हातांनी अन्न पिकविण्याची वाट अद्याप सापडलेली नाही, एवढे मान्य करावे लागते. शिवाय कर्जबाजारी शेतकऱ्याने हंगाम पणाला लावून प्रयोग करावा, असे सांगण्याचा अधिकार त्या भाताच्या ताटावर बसलेल्या शहरवासीयाला कितपत पोहोचतो? शेतकऱ्याच्या हिंसेला निदान पोटाचे कारण आहे. अंगणाच्या फरशीला ते नाही.

डिसेंबर २०१५ च्या पुरात वेस्ट मांबलमच्या गल्ल्यांत पाणी तुंबले होते. एरवी तेथे सकाळी पिठाची रेष पडली की, भिंत आणि फरशी यांच्या फटीतून मुंग्यांची रांग निघते आणि एकेक कण घेऊन त्याच फटीतून खाली उतरते.