लोकरीचा नॉमिनी

गेलेल्या माणसाची वस्तू कोणाची, हा प्रश्न थोरामोठ्यांना कुठे पडत असेल तो असो. मला तो लोकरीच्या दुकानात पडला.

आमच्या अण्णांचा स्वेटर एका बाहीवर अडून ट्रंकेत पडला होता. दुसरी बाही सुरू व्हायच्या आत अण्णाच गेले. दोन हिवाळे उलटले, आणि आमची ही दुकानात नव्या रंगांवरून हात फिरवीत उभी!

"आधी बाहीपुरते गुंडे घे," मी म्हणालो.

दुकानदाराने जुन्या गुंड्यावरची चिठ्ठी वाचली. "साहेब, हा लॉट संपला. रंग तोच मिळेल, पण बाही वेगळी दिसेल."

"मग उसवते. बंड्याला होईल," ही म्हणाली.

उसवणे म्हणजे अण्णांचे खातेच बंद करणे! मी घुश्शात. हिने लड्या कोमट पाण्यातून काढून वाळत टाकल्या. टाक्यांचे वळसे सरळ झाले.

आता बंड्या तो स्वेटर घालून शाळेत जातो. आम्हा बँकवाल्यांना ठाऊक असते, नॉमिनी हा मालक नव्हे, नुसता विश्वस्त. बंड्याला हे नीट समजावले.

"टोचतो," तो म्हणाला.

अण्णाही पहिल्या दिवशी हेच म्हणाले असते. मग थंडी संपेपर्यंत अंगातून काढला नसता.