लेखणी सरकारी झाल्यावर

आपल्यातला एखादा पत्रकार वर्तमानपत्र सोडून राज्य शासनाच्या माहिती व जनसंपर्क खात्यात गेला की दोन प्रतिक्रिया हमखास येतात. घरचे लोक पेढे वाटतात. पोरगा सरकारी झाला, आता पहिल्या तारखेला पगार मिळेल, म्हणतात. मित्रमंडळी मात्र चहाच्या टपरीवर हळूच म्हणतात, 'लेखणी विकली.' मला दोन्ही प्रतिक्रिया अपुऱ्या वाटतात. काल जो माणूस सत्तेला प्रश्न विचारत होता, तो आज सत्तेच्या वतीने उत्तरे लिहितो. तेव्हा त्याचे सत्याशी असलेले नाते बदलते का, आणि बदलत असेल तर कुठे, याचा विचार आपण सहसा करीत नाही.

आधी 'विकली' या शब्दाबद्दल. तालुक्याच्या गावचा वार्ताहर काय कमावतो हे आपल्याला ठाऊक आहे. अनेकांना पगार नसतोच. तुटपुंजे मानधन मिळते, आणि विशेष पुरवण्यांसाठी जाहिराती गोळा कराव्या लागतात. ज्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाची जाहिरात घेतली, त्याच्याविरुद्ध बातमी देणे परवडत नाही. मालकाची मर्जी सांभाळायची ती वेगळीच. तेव्हा खासगी वृत्तपत्रात तो स्वतंत्र होता आणि सरकारात जाताच गुलाम झाला, असे म्हणणे म्हणजे चित्राची एकच बाजू पाहणे होय.

तरीही फरक पडतो. माहिती खाते नुसत्या बातम्या पाठवीत नाही. ते 'लोकराज्य' मासिक काढते, पत्रकारांच्या अधिस्वीकृतीचे काम पाहते, वृत्तपत्रांची अ, ब, क अशी वर्गवारी करून शासकीय जाहिराती वाटते. कितीतरी लहान पत्रांचा श्वास या जाहिरातींवर चालतो. साहजिकच तेथून आलेली प्रेसनोट पुष्कळदा काना-मात्रा न बदलता छापली जाते. म्हणजे वार्ताहर असताना ज्याच्या शब्दावर उपसंपादकाची कात्री चाले, त्याचाच शब्द आता अखंड वाचकापर्यंत पोचतो.

या जागेवर उघड खोटे लिहिण्याचा प्रसंग क्वचितच येतो. खरी परीक्षा गाळलेल्या वाक्याची असते. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी असलेली केंद्राची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती पूर्वी पहिलीपासून दहावीपर्यंत मिळत असे. 2022 साली केंद्राने ती नववी-दहावीपुरतीच ठेवली. आठवीपर्यंतचे शिक्षण हक्काने मोफत आहेच, असे कारण दिले. समजा, यावर जिल्ह्यातून प्रेसनोट काढायची आहे. 'नववी व दहावीच्या पात्र विद्यार्थ्यांनी मुदतीत अर्ज करावेत' हे वाक्य शंभर टक्के खरे आहे. पण 'पहिली ते आठवीच्या मुलांना ही रक्कम यापुढे मिळणार नाही' हे वाक्य त्यात नसेल, तर मालेगावात किंवा भिवंडीत पाचवीतल्या मुलीची आई दाखल्यांसाठी रोजंदारी बुडवून रांगेत उभी राहील. तिच्याशी कोणी खोटे बोललेले नसेल, आणि तरी तिची फसवणूक झालेली असेल.

अधिकारी म्हणेल, 'मी शासनाचा नोकर आहे. उणे शोधणे हे वृत्तपत्रांचे काम. ते मी केले तर ते काय करतील?' या म्हणण्यात तथ्य आहे. मंत्र्यावर टीका करण्यासाठी त्याला पगार मिळत नाही. पण तो पगार जनतेच्या पैशातून येतो, आणि 2005च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 नुसार शासनाने बरीचशी माहिती कोणी मागण्याआधी, आपणहून द्यायची आहे. शिवाय हा माणूस वर्तमानपत्रातून आलेला आहे. प्रेसनोट वाचून पहिला प्रश्न कोणता विचारायचा हे त्याला ठाऊक असते, आणि तो प्रश्न विचारायला आता कोणाला सवड नाही हेही ठाऊक असते. एखाद्या कारकुनाकडून जे अजाणता गळेल, ते याच्याकडून जाणूनबुजून गळते. त्याच्या ज्ञानाने त्याची जबाबदारी वाढवली आहे.

मग जाऊच नये का? आपल्या परंपरेत या प्रश्नाची दोन उत्तरे आहेत. इमाम अबू हनीफा यांनी खलिफा मन्सूर याने देऊ केलेले काझीपद नाकारले, त्यासाठी कैद सोसली आणि 767 साली त्यांचे निधन झाले. त्यांचेच शिष्य अबू यूसुफ यांनी हारून रशीदच्या काळात मुख्य काझीपद स्वीकारले. पण त्याच खलिफासाठी लिहिलेल्या 'किताब अल्-खराज'मध्ये करवसुलीत रयतेवर जुलूम होऊ नये असे त्याला बजावले. उस्ताद दाराबाहेर राहिले, शागिर्द आत गेला. आपण दोघांचेही नाव आदराने घेतो.

अलीकडचे उदाहरण बी. जी. वर्गीज यांचे. पत्रकार असलेले वर्गीज 1966 साली पंतप्रधान इंदिरा गांधींचे माहिती सल्लागार झाले. 1969 साली ते 'हिंदुस्थान टाइम्स'चे संपादक म्हणून परतले, आणि सिक्कीमच्या प्रश्नावर त्याच इंदिराजींच्या धोरणावर टीका केली. 1975 साली त्यांची नोकरी गेली. सरकारी खुर्चीने लेखणी बोथट होतेच असे नाही, एवढे यातून दिसते. मात्र वर्गीजांना परतायला एक मोठे वर्तमानपत्र होते. आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला परतीची वाट नसते. घराचे हप्ते आणि मुलांच्या फिया असतात. त्याच्याकडून हौतात्म्य मागणे आपल्याला शोभत नाही.

त्याच्याकडे मागायचे ते थोडेच आहे. मसुद्यात ते एक वाक्य घालावे. साहेबांनी खोडले तर 'बंद झालेल्या वर्गांचा उल्लेख आवश्यक वाटतो' अशी टिपणी फाइलवर ठेवावी. एवढ्याने नोकरी सहसा जात नाही. फार तर बढती लांबते, बदली होते. ही किंमत खरी आहे, ती क्षुल्लक म्हणून उडवून लावू नये. पण माहिती ही त्याच्याकडे ठेवलेली अमानत आहे, आणि अमानत अर्धी परत करता येत नाही.

आपणही त्याच्या पेढ्यांवरून किंवा त्याच्या खुर्चीवरून त्याला तोलू नये. त्याने लिहिलेले वाचून रांगेतल्या त्या बाईला घरी जायचे की थांबायचे हे कळले का, एवढे पाहावे.