सारखे म्हणजे एकच नव्हे

दोन गोष्टी पुष्कळशा सारख्या असल्या म्हणजे त्या एक कराव्यात काय? प्रश्न वरवर सोपा वाटतो. परंतु भावाभावांची वाटणी झालेला वाडा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना तो तितकासा सोपा वाटणार नाही. चुली दोन, देवघरे दोन, विहीर मात्र एकच. पुढच्या पिढीत कुणीतरी सुचवतो, की मधली भिंत पाडून पुन्हा एक घर करावे. एक म्हणतो, खर्च वाचेल. दुसरा म्हणतो, भांडणे वाढतील. दोघेही खरेच बोलत असतात, आणि म्हणूनच निर्णय अवघड होतो.

या प्रश्नाचा विचार मी येथे वाड्यापासून फार दूरच्या एका उदाहरणावरून करणार आहे. ते संगणकाच्या क्षेत्रातील आहे. वाचकांनी त्यातील तांत्रिक भागाने बिचकून जाऊ नये. त्यातला पेच आपल्या परिचयाचाच आहे.

लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्स ही संगणकप्रणाली लिहावयास घेतली, ती इंटेलच्या ३८६ या प्रोसेसरसाठी. प्रणालीच्या गाभ्याला कर्नल म्हणतात, आणि मेमरीची वाटणी हे त्याच्या मुख्य कर्तव्यांपैकी एक. संगणकावर एका वेळी अनेक प्रोग्रॅम चाललेले असतात. प्रत्येकाला वाटते, की सारी मेमरी आपलीच. वस्तुतः कर्नल त्यांना ४ किलोबाइटच्या लहान पानांच्या रूपाने जागा देतो, आणि प्रोग्रॅमने उच्चारलेला काल्पनिक पत्ता कोणत्या खऱ्या पानाचा, याचे तक्ते ठेवतो. प्रोसेसर दर वेळी त्या तक्त्यांवरून पत्ता उलगडतो. तक्त्यात चूक झाली, तर एकाचे गुपित दुसऱ्याच्या हाती पडते, किंवा एकाच्या लेखनावर दुसरा लिहून जातो. म्हणून हा कर्नलमधील अत्यंत जबाबदारीचा भाग समजला जातो.

३८६मध्ये पत्ता ३२ बिटांचा होता आणि तो दोन पायऱ्यांत उलगडत असे. त्यातून ४ गिगाबाइटपर्यंतचे पत्ते सांगता येत. १९९५च्या पेंटियम प्रोपासून तीन पायऱ्यांची सोय झाली. पुढे एएमडी कंपनीने या घराण्याला ६४ बिटांची शाखा जोडली आणि २००३ साली तिचा ऑप्टेरॉन हा प्रोसेसर बाजारात आला. या शाखेत पायऱ्या चार झाल्या आणि वापरात येणारा पत्ता ४८ बिटांचा, म्हणजे २५६ टेराबाइटपर्यंत पोहोचणारा. नव्या शाखेसाठी कर्नलमध्ये वेगळी जागा केली गेली. जुन्या शाखेतील आज्ञावली नकलून घेतली आणि तीत हवे तसे फेरफार केले. येथे वाटणी झाली.

वाटणीला त्या वेळी सबळ कारण होते. जुन्या घरात कित्येक वर्षांचे सामान साचले होते. एखाद्या सदोष यंत्रासाठी केलेली तडजोड, कुण्या विस्मृत उत्पादकाच्या लहरीखातर घातलेली अट, असे कितीतरी. नव्या घरात त्यातले काहीच नको होते. परंतु नकलेचा एक स्वभाव असतो. पहिल्या दिवशी ती मुळाशी तंतोतंत जुळते. नंतर दर दिवशी थोडी दुरावते. एका घरात गळती सापडली, ती बुजवली. दुसऱ्या घरात तीच गळती तशीच राहिली, कारण दुरुस्ती करणाऱ्याला दुसरे घर आठवले नाही. या विस्मरणात दुष्टावा नव्हता. मात्र त्याचे फळ भोगणारा कुणी अनोळखी मनुष्य असे, ज्याला दोन घरे आहेत हेही ठाऊक नव्हते.

२००७च्या जुलैमध्ये थॉमस ग्लाइक्सनर आणि इंगो मोल्नार यांनी दोन्ही शाखा एकत्र करण्याचा प्रस्ताव मांडला. त्याला विरोध केला तो आंडी क्लीन यांनी. हे कुणी त्रयस्थ टीकाकार नव्हते. दोन्ही शाखांची देखभाल तेच करीत होते. त्यांच्या भूमिकेचा गाभा असा, की नव्या शाखेचा स्वच्छपणा हीच तिची मिळकत आहे. एकत्र केल्यावर नव्यातील प्रत्येक बदल करताना जुन्याची सारी दुखणी लक्षात ठेवावी लागतील. प्रस्तावकांचे उत्तर असे, की यंत्रे दोघांची बहुतांशी तीच आहेत. नवी शाखाही आता म्हातारी होऊ लागली आहे. आणि दोनदा करावयाचे काम दुसऱ्या वेळी राहूनच जाते.

मला या वादात एक गोष्ट मोलाची वाटते. दोन्ही पक्ष भावी काळातील मनुष्याविषयी बोलत होते. एकाला चिंता होती ती उद्या नवे बांधणाऱ्याची. दुसऱ्याला, उद्या दुरुस्ती करणाऱ्याची. ऐक्य चांगले की वेगळेपण चांगले, असा अमूर्त वाद घातला असता तर तो आजही संपला नसता. ‘कोणाचा भार कोणावर पडतो?’ असे विचारताच मात्र पुढची वाट दिसू लागते.

निर्णय एकीकरणाचा झाला. २००७च्या ऑक्टोबरमध्ये दोन्ही शाखा एका छपराखाली आल्या आणि २००८च्या जानेवारीत निघालेल्या २.६.२४ या आवृत्तीतून त्या जगापुढे गेल्या. परंतु एकीकरण कसे केले, हे पाहण्यासारखे आहे. पहिल्या टप्प्यात काहीही मिसळले नाही. दोन्ही घरांतील फाइली एका जागी आणून ठेवल्या आणि एकीच्या नावापुढे ३२, दुसरीच्या नावापुढे ६४ असा आकडा लावला. वागणुकीत फरक पडता कामा नये, हा दंडक होता. त्यानंतर एकेक जोडी समोरासमोर ठेवून पाहिली गेली: कुठे खरोखर तेच आहे, कुठे केवळ तसे दिसते, आणि कुठे फरक आहे पण तो निव्वळ विस्मरणाने पडलेला आहे.

या तीन प्रकारांतला भेद मला महत्त्वाचा वाटतो. पहिला प्रकार एक करावा. दुसरा वेगळाच ठेवावा. तिसरा, म्हणजे विस्मरणातून आलेला फरक, हा सर्वांत फसवा. कारण कालांतराने तो परंपरेसारखा दिसू लागतो आणि त्याच्या बाजूने भांडणारेही उभे राहतात. हे तिन्ही ओळखण्यासाठी दोन्ही वस्तू आधी शेजारी ठेवाव्या लागतात. भिंतीपलीकडून ते कळत नाही.

खरा फरक आहे तेथे काय करावे, याचीही दोन उत्तरे या कामात सापडतात. पायऱ्यांचा प्रश्न घ्या. एका यंत्रात दोन, दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात चार. कर्नलच्या सामाईक भागाने असे ठरवले, की आपण सर्वांत अधिक पायऱ्यांची भाषा बोलावयाची. ज्या यंत्रात मधली पायरी नाही, तेथे ती दुमडून टाकावयाची. आज्ञावली लिहिणारा तिचे नाव घेतो. प्रत्यक्ष यंत्रभाषेत उतरताना ती पायरी नाहीशी होते. ज्याच्याकडे ती नाही त्याला तिच्यापायी काही मोजावे लागत नाही, आणि ज्याच्याकडे आहे त्याला ती लपवावी लागत नाही. पुढे २०१७ साली पाचवी पायरी आली, तीही या रीतीने सामावून घेता आली.

दुसरे उत्तर याच्या उलट. ३२ बिटांच्या शाखेत पत्त्यांचीच टंचाई असल्यामुळे कर्नलला नेहमीच्या मांडणीत फक्त ८९६ मेगाबाइट मेमरी सदैव हाताशी ठेवता येते. त्यापलीकडची लागेल तेव्हा तात्पुरती जोडून घ्यावी लागते. ६४ बिटांत ही अडचणच नाही. हा फरक दुमडण्याजोगा नव्हता. म्हणून मेमरीची प्रारंभिक मांडणी करणाऱ्या फाइलींचा समान भाग २००९ साली एका तिसऱ्या फाइलीत गेला, आणि ३२ व ६४ या दोन फाइली मात्र आजही वेगळ्या नांदत आहेत. त्यांना बळेच एक केले असते, तर ओळीओळीला ‘हे असेल तर असे, ते असेल तर तसे’ अशा अटी पेराव्या लागल्या असत्या. असे ऐक्य नावापुरते. वाचणाऱ्याला ते दोन घरांहून अधिक जाचते.

आता या कथेतील अवघड भाग. एकत्र घरात सर्वांत वृद्धाचे काय होते? मूळ ३८६मध्ये एक उणीव होती. दोन प्रोग्रॅममध्ये सामाईक असलेले पान ‘केवळ वाचण्यासाठी’ म्हणून राखले, तरी स्वतः कर्नल त्यावर लिहू लागल्यास तो प्रोसेसर त्याला अडवीत नसे. १९८९च्या ४८६पासून ही राखण यंत्रातच आली. पण एका ३८६साठी कर्नलला लिहिण्यापूर्वी स्वतः पडताळा घेण्याची तजवीज ठेवावी लागे, आणि अशा आणखीही काही तजविजी होत्या. अखेर २०१२च्या डिसेंबरमध्ये ३८६चा आधार काढून टाकण्यात आला. २०१३च्या फेब्रुवारीत आलेल्या ३.८ या आवृत्तीपासून त्या प्रोसेसरला लिनक्समध्ये जागा राहिली नाही. ज्या यंत्रावर टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा जन्म पाहिला, तेच हे यंत्र. त्यांनी संमती दिली आणि आपल्याला याबाबत हळवेपणा नाही, असेही बोलून दाखवले.

हे न्याय्य होते काय? मला वाटते, होते. पण निष्कलंक नव्हते. जुन्या आवृत्त्या कुणी जाळून टाकल्या नाहीत. ज्याच्याकडे ३८६ आहे, तो त्या आजही चालवू शकतो. मात्र नव्याने सापडणाऱ्या दोषांवरील नव्या आवृत्त्यांतील उपाय त्याच्यापर्यंत आपोआप पोहोचणार नाहीत. अल्पसंख्याचा भार बहुसंख्यांनी किती काळ वाहावा, याचे गणिती उत्तर नाही. एवढेच म्हणता येईल, की तो भार उतरवताना तो नेमका कोणता, हे उघड सांगितले गेले आणि कारण नोंदवून निरोप दिला गेला. न बोलता विसरून जाणे याहून वाईट.

आता पुन्हा आपल्या वाड्याकडे येऊ. इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबाद येथील आपली मराठी पुण्याच्या ग्रांथिक मराठीशी पुष्कळशी सारखी आहे. आपल्या पत्रिकेसाठी लेख येतात, तेव्हा कुणी म्हणतो ‘शुद्ध’ करून छापा, कुणी म्हणतो अक्षरही बदलू नका. मला वाटते, दोन्ही सल्ले घाईचे आहेत. लेखनाचे नियम दुमडलेल्या पायरीसारखे. ते एक ठेवल्याने कुणाचे काही जात नाही. शेजारच्या भाषेशी दोनशे वर्षे राहून आपल्या घरांत आलेला एखादा शब्द मात्र खरा फरक आहे. त्याला त्याच्या नावाची वेगळी फाइल हवी. आणि काही गोष्टी अशाही असतील, की ज्यांना आपण परंपरा म्हणून मिरवतो पण ज्या निव्वळ विसरण्यातून उरल्या आहेत.

यांतले कोणते काय, हे मी एकट्याने ठरवणे योग्य नव्हे. दोन्ही मजकूर शेजारी ठेवून एकेक शब्द पाहण्याचे कंटाळवाणे काम कुणीतरी करावे लागेल. भिंत पाडावी की ठेवावी, हे त्यानंतर बोलता येईल.