सात रेषा आणि घरचा उंबरा

मार्गशीर्षातली पौर्णिमा जवळ आली की घरोघरी, मठामठांतून गुरुचरित्राचे सप्ताह बसतात. चौरंग मांडला जातो, समई तेवते, घरातला कर्ता माणूस सोवळं नेसून पोथीसमोर बसतो. सप्ताहाच्या मध्यावर एक कथा येते. दोन वेदपाठी ब्राह्मण ‘आमच्याशी वाद घाला, नाहीतर जयपत्र लिहून द्या’ म्हणत गावोगाव फिरत असतात. त्रिविक्रमभारती त्यांना गाणगापूरला श्रीनृसिंहसरस्वतींपुढे आणतात. महाराज त्यांची समजूत घालतात, वेदांचा विस्तार सांगतात. पण दोघे हट्ट सोडत नाहीत. तेवढ्यात वाटेनं एक पतित माणूस जात असतो. महाराज त्याला बोलावतात, जमिनीवर सात रेषा काढायला लावतात आणि एकेक रेषा ओलांडायला सांगतात. रेषेगणिक त्याला मागचा एकेक जन्म आठवतो, आणि सातवी रेषा ओलांडल्यावर तो वेद म्हणू लागतो. गर्विष्ठ पंडितांची वाचा बसते.

ही कथा आपल्याला फार आवडते. कीर्तनात बुवा ती रंगवून सांगतात, ऐकताना अंगावर काटा येतो. पण पोथी तिथं थांबत नाही. पुढच्या अध्यायात त्या माणसाच्या अंगावरचं भस्म धुतलं जातं, त्याची आठवण पुसली जाते आणि तो बायकामुलांबरोबर आपल्या घरी परत जातो, म्हणजे गावाबाहेर. हा भाग आपण वाचतो, पण त्यावर फारसं बोलत नाही.

भाविक माणसानं या दोन्ही भागांचा विचार एकत्र करायला हवा. एक गोष्ट तर स्वच्छ आहे. कथेत अधोगती कुणाला मिळाली? त्या पतिताला नव्हे. ब्रह्मराक्षस झाले ते वेद पाठ असलेले दोघे, आणि तेही अज्ञानामुळे नव्हे, गर्वामुळे. विद्या होती, आचार होता, सोवळं होतं. पण दुसऱ्याला खाली पाहायला लावल्याशिवाय त्यांना स्वतःचं मोठेपण पटत नव्हतं. महाराजांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं.

पण मग तो माणूस घरी परत गेला त्याचं काय? जुने लोक कर्मविपाक सांगून मोकळे होतात. ग्रंथ ज्या काळात लिहिला गेला त्या काळाची चौकट त्यात आहे, हे मान्य करायला हरकत नाही. प्रश्न ग्रंथाचा कमी आणि वाचणाऱ्याचा जास्त आहे. आपण ही कथा ‘चमत्कार’ म्हणून ऐकतो. महाराज समर्थ होते, त्यांनी पतिताच्या मुखातून वेद वदवले. आपण सामान्य माणसं, आपण आपली रीत पाळावी! हे वाक्य कितीदा तरी ऐकलेलं आहे. दिसायला नम्र आहे, पण त्यात फार मोठी पळवाट लपलेली आहे. संतानं भेद मोडला की त्याला हात जोडायचे, आणि घरी येऊन तोच भेद पाळायचा. नमस्कारही झाला आणि रीतही राहिली.

दत्तसंप्रदायात ही पळवाट फार टिकू नये, असं आपलं दैवतच सांगतं. भागवताच्या एकादश स्कंधात यदुराजाला भेटलेला अवधूत आपले 24 गुरू सांगतो. हा अवधूत म्हणजेच दत्तात्रेय, असं आपण परंपरेनं मानतो. ती यादी एकदा शांतपणे डोळ्यांसमोर आणा. पृथ्वी आहे, वारा आहे, समुद्र आहे, पतंग आणि मधमाशी आहे. माणसं म्हणाल तर मध गोळा करणारा आहे, पिंगला वेश्या आहे, एक लहान मूल, एक कुमारिका आणि बाण घडवणारा कारागीर आहे. चोविसांत एकही शास्त्री नाही, एकही यज्ञकर्ता नाही, एकही राजा नाही. ज्याला आपण गुरूंचा गुरू म्हणतो त्यानं शिकताना कुणाचं कूळ विचारलं नाही. गुरुचरित्रातही श्रीपादश्रीवल्लभांची कृपा होते ती कुरवपूरच्या नदीवर कपडे धुणाऱ्या रजकावर, आणि तोच पुढच्या जन्मी बीदरचा मुसलमान राजा होऊन नृसिंहसरस्वतींच्या पायाशी येतो.

याच एकादश स्कंधावर मराठीत टीका लिहिली पैठणच्या एकनाथमहाराजांनी. ती 1573 मध्ये काशीत पूर्ण झाली. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर अधिकारी होते आणि थोर दत्तभक्त होते. तिथं नाथांना दत्तप्रभूंचं दर्शन झालं ते मलंगाच्या वेषात, अशी कथा आहे. ज्या दैवताला पहिल्याच भेटीला मलंगाचा वेष चालतो, त्याच्या भक्ताला पुढे कुणाचा विटाळ व्हावा?

नाथांच्या गोष्टी महिपतींनी लिहून ठेवल्या आणि आपण त्यांच्यावर वाढलो. गोदावरीच्या तापलेल्या वाळूत महाराचं लेकरू रडत होतं, नाथांनी ते कडेवर घेऊन त्याच्या घरी पोचवलं. श्राद्धाचा स्वयंपाक झालेला, वास येऊन दारावरून जाणाऱ्या भुकेल्या महार कुटुंबाचा जीव कासावीस झाला, तर नाथांनी ते अन्न त्यांनाच वाढलं. गावातल्या ब्राह्मणांनी बहिष्कार घातला. घरात मुलगा हरिपंडित रागावला. वडील प्राकृतात पुराण सांगतात, कुणाच्याही घरी जेवतात, हे त्याला पटेना. तो काशीला निघून गेला. आपल्याकडे नेहमी म्हणतात की म्हातारी माणसं जुन्याला धरून बसतात आणि तरुण बंड करतात. पैठणच्या वाड्यात उलट घडलं. आजोबा झालेल्या वयाचा माणूस पुढे होता आणि शिकलेला मुलगा मागे ओढत होता. तेव्हा ‘आता या वयात आमच्यानं बदल होत नाही’ असं म्हणताना ज्येष्ठांनी नाथांचं वय आठवावं.

इथं एक कठोर आक्षेप ऐकून घ्यायला हवा, कारण तो टाळून पुढे गेलो तर हा लेखही आणखी एक कीर्तनच होईल. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 मध्ये जातिप्रथेच्या निर्मूलनावर प्रसिद्ध निबंध लिहिला. त्यानंतर गांधीजींना दिलेल्या उत्तरात त्यांनी संतांचाही हिशेब मांडला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. संतांनी देवापुढे सगळे समान आहेत असं सांगितलं. माणसामाणसांत सगळे समान आहेत असं सांगून जातीविरुद्ध लढा उभारला नाही. आणि लोक तर असंच शिकले की संतानं जात मोडली तरी चालते, सामान्यानं मोडू नये. त्यामुळे संत पूज्य ठरला, अनुकरणीय ठरला नाही. त्या सुमारास प्रभात कंपनीचा, बालगंधर्वांनी नाथांची भूमिका केलेला ‘धर्मात्मा’ हा बोलपट आला होता. त्याचा उल्लेख करून बाबासाहेबांनी असंही लिहिलं, की नाथ अस्पृश्यांबरोबर जेवले ते अस्पृश्यतेला विरोध म्हणून नव्हे; तो विटाळ गंगास्नानानं धुता येतो अशी त्यांची समजूत होती म्हणून.

नाथांबद्दलच्या या शेवटच्या वाक्यावर नाथभक्त वाद घालतील. ज्यानं भारुडात महाराच्या तोंडून वेदांत सांगितला, बहिष्कार सोसला, घरातलं भांडण सोसलं, तो केवळ स्नानाच्या भरवशावर हे करत होता असं वाटत नाही. पण आपल्याबद्दल बाबासाहेब जे म्हणाले त्यावर वाद घालायला जागा कुठं आहे? पुरावा पंढरपुरात महाद्वारापाशीच आहे. चोखोबा 1338 मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाच्या भिंतीखाली गाडले जाऊन गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी झाली. पुढे शतकानुशतकं वारकरी त्या समाधीला हात लावून आत गेले, चोखोबांचे अभंग विठ्ठलासमोर गायले. चोखोबांच्या जातीचा माणूस मात्र त्या दारातून आत जाऊ शकत नव्हता. तो दरवाजा उघडला 1947 मध्ये. 609 वर्षं आपण एकाच वेळी चोखोबांना संतही म्हणत होतो आणि त्यांच्या माणसांना बाहेरही ठेवत होतो. त्यात विसंगती आहे, हेच फार थोड्यांना जाणवलं.

दरवाजा आपोआपही उघडला नाही. 2 मार्च 1930 ला नाशिकच्या काळारामासमोर सत्याग्रह सुरू झाला, तो जवळजवळ पाच वर्षं चालला. माणसं रामाच्या दर्शनासाठी मार खात राहिली, दार बंदच राहिलं. शेवटी 1935 मध्ये येवल्याला बाबासाहेबांनी सांगितलं की मी हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. आणि 1956 मध्ये नागपूरला त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. त्यांना आपल्या मंदिराची गरज उरली नाही. दारात इतकी वर्षं उभा राहिलेला माणूस निघून गेला, यात नुकसान कुणाचं झालं, याचा विचार देवळात जाणाऱ्यानं करायचा आहे.

पंढरपूरचं दार उघडण्यासाठी सानेगुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा करून लोकांची मनं तयार केली आणि 1 मे 1947 ला पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. 10 मे रोजी उपोषण सुटलं, मंदिर सर्वांना खुलं झालं. एका वारकरी मठानं त्यांना जागा दिली, ही गोष्ट विसरू नये. विरोध करणारे जसे धर्मातले होते तसे पाठीशी उभे राहणारेही धर्मातलेच होते. मग 26 जानेवारी 1950 पासून राज्यघटनेच्या 17 व्या कलमानं अस्पृश्यताच बंद केली.

‘मग आता राहिलंय काय?’ असं कुणी विचारील. देवळाचं दार कायद्यानं उघडलं. घराचा उंबरा कायद्याच्या हातात नाही. आजही कित्येक घरांत धुणंभांडी करणाऱ्या बाईंचा चहाचा कप निराळा असतो, धुऊन नळाशेजारी उपडा ठेवलेला. ‘स्वच्छतेसाठी’ असं कारण सांगितलं जातं. पण पाहुण्यांच्या कपाला ते कारण लागत नाही. भाडेकरू ठेवताना आधी आडनाव विचारतात, आडनावावरून कळलं नाही तर गाव विचारतात. उत्सवात स्वयंपाकघरात कोण, पालखीला खांदा कुणाचा, आणि उष्टी काढायला कोण, हे कुणी लिहून ठेवलेलं नसतं, तरी दरवर्षी तेच असतं. आणि सगळ्यांत अवघड जागा म्हणजे लग्न. मुलगी चांगली शिकलेली, मुलगा सालस, निर्व्यसनी, कमावता; सगळं जुळलं की शेवटी एकच गोष्ट आडवी येते. ‘आम्हाला काही नाही हो, पण लोक काय म्हणतील?’ बाबासाहेबांनी त्याच निबंधात लिहिलं होतं की जात मोडण्याचा खरा उपाय आंतरजातीय विवाह हाच आहे. सातव्या रेषेची कथा रंगून वाचणाऱ्या घरात मुलीनं पहिली रेषा ओलांडली की पोथी बंद होते, असं का व्हावं?

सोवळ्याचा प्रश्न इथं ओघानंच येतो. बरेच ज्येष्ठ म्हणतात, आम्ही कुणाचा तिरस्कार करत नाही, फक्त आमचं सोवळं पाळतो. सोवळं पाळायला कुणाची ना नाही. पहाटे उठून स्नान करणं, धूतवस्त्र नेसणं, पूजा होईपर्यंत मुखात अन्न न घालणं हे स्वतःला लावलेले नियम आहेत. उपवास जसा आपला आपण करतो, तसंच ते. पण जे सोवळं दुसऱ्या माणसाच्या स्पर्शानं मोडतं, ते आपलं व्रत राहत नाही. तो त्या माणसाबद्दल दिलेला निकाल होतो. साधी परीक्षा आहे. माझ्या नियमामुळे कष्ट कुणाला होतात? मला होत असतील तर ते तप आहे. खाली मान घालून दाराबाहेर उभं राहण्याचे कष्ट दुसऱ्याला होत असतील, तर त्याला दुसरं नाव शोधावं लागेल. गाणगापुरात जयपत्र मागायला आलेल्या त्या दोघांचंही सोवळं चोख होतं.

नाथांचं मोठेपण मला यात वाटतं की ते संन्यासी नव्हते. संन्याशाला शिखासूत्र टाकल्यावर जात सोडणं त्या मानानं सोपं. नाथांना घर होतं, गिरिजाबाई होत्या, मुलंबाळं, श्राद्धपक्ष, सोयरेधायरे सगळं होतं, आणि त्या सगळ्याच्या मध्ये राहून त्यांनी पान वाढलं. गिरिजाबाईंचा हात त्यात नसता तर ते पान वाढलंच गेलं नसतं. म्हणून ‘ते संत होते, आपण संसारी’ ही सबब निदान नाथांपुढे चालत नाही. तेही संसारीच होते.

या दत्तजयंतीला महाप्रसादाची पंगत बसेल तेव्हा कुणाच्याही घरचा माणूस कुणाच्याही शेजारी बसावा, वाढायलाही सगळ्या घरचे हात असावेत आणि उष्टी काढायलाही. घरी परतल्यावर तो नळाशेजारचा वेगळा कप उचलून बाकीच्या कपांत ठेवावा. त्याला ना मुहूर्त लागतो, ना पैसा. आणि नातीनं कधी एखाद्या मुलाचं नाव सांगितलंच, तर त्याचं आडनाव विचारण्याआधी तो माणूस कसा आहे हे विचारावं. लोक बोलतील. नाथांनाही बोलले होते. एवढं जरी आपल्या घरांतून झालं, तरी त्या पतिताला वेद म्हणून झाल्यावर पुन्हा गावाबाहेर परतावं लागणार नाही, आणि आपलं पारायण पूर्ण झालं असं म्हणता येईल.

॥ अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥