काच खालीही यायला हवी

नगर-मनमाड रस्त्यावर राहुरीच्या आसपास उसाचा ट्रॅक्टर पुढे लागला, की धूळ आणि पाचट अंगावर येतं आणि हात आपोआप दारावरच्या बटणाकडे जातो. गाडी जुनी असेल तर बटण दाबून काच वर जाईलच, याची खात्री नाही. ती अर्ध्यावर अडते, तिरकी होते, एखाद्या दिवशी कट्ट असा आवाज करून दाराच्या पोटात उतरते. मग गॅरेजवाल्याकडे आपलं एकच मागणं असतं, "काहीही कर, पण काच वर बसव." तोही सरावलेला. दाराचं पॅड उघडतो, काच हातानं वर ढकलतो, खालून लाकडाचा तुकडा ठोकतो, वायर सोडून ठेवतो. पाऊस नाही, धूळ नाही, चोरीची धास्ती नाही. आपण निश्चिंत मनानं घरी येतो. या निश्चिंतीचंच मला भय वाटतं. गाडीतून बाहेर पडायचा रस्ता आपण पदरचे पैसे देऊन बुजवून घेतलेला असतो.

पॅड निघतं तेव्हा आत एकदा डोकावून बघावं. काच ज्या रबरी खाचेतून सरकते ती खाच नगरकडच्या उन्हाळ्यात वाळल्या चामड्यासारखी कडक झालेली असते. कधी काळी कुणी भरलेल्या ग्रीसमध्ये धूळ बसून तिचा काळा लगदा झालेला. त्या लगद्यातून काच ओढताना मोटर कण्हते, तारेची दोरी ताणते, आणि शेवटी काच धरणारा प्लास्टिकचा तुकडा मोडतो. दोष बहुतेक वेळा मोटरचा नसतोच. बटण दाबताना गाडीचे दिवे किंचित मंदावले तर समजावं, करंट मोटरपर्यंत पोचतोय, अडलंय ते खाचेत. दिवे तसूभरही हलले नाहीत तर आधी फ्यूज बघावा, मग काळवंडलेला स्विच, मग बिजागरीपाशी उघडझाक सोसून तुटलेली वायर. खाच ओल्या फडक्यानं पुसून कोरडी करून सिलिकॉनचा फवारा मारला, तर कित्येक काचा वर-खाली करणाऱ्या नव्या मशीनवाचूनच चालू लागतात. ग्रीस मात्र पुन्हा भरू नये. आपल्या मातीला ते चालत नाही.

जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळ एक गाडी रात्रीच्या अंधारात पाण्यात गेली. कळसूबाईकडे निघालेले तिघं मोबाइलवरच्या नकाशाच्या भरवशावर चालले होते, आणि नकाशानं दाखवलेला पूल पिंपळगाव खांड धरणाच्या फुगवट्याखाली होता. दोघं वाचले, एकाचा जीव गेला. त्या बातमीनंतर काचेकडे बघायची माझी नजरच बदलली. गाडी पाण्यात पडली की बाहेरच्या दाबानं दार उघडत नाही. हाती असतात ते पहिले काही क्षण, आणि तेवढ्यात काच खाली घ्यावी लागते. पाणी काचेपर्यंत चढलं की तोच दाब काचेला खाचेत दाबून धरतो आणि चांगली मोटरही हरते. मग आतून लाकूड ठोकलेल्या काचेचं काय होणार? रस्त्यावर उलटलेल्या गाडीचं, दार चेपून अडकलेल्या माणसाचंही हेच.

नगरच्या रणगाडा संग्रहालयात, म्हणजे १९९४ साली लष्करानं उघडलेल्या त्या आवारात, दुसऱ्या महायुद्धातला चर्चिल रणगाडा उभा आहे. मुलं तोफेच्या नळीखाली फोटो काढून घेतात. मी त्याच्या कुशीकडे बघतो. एवढ्या जाड पोलादात, जिथं प्रत्येक भोक म्हणजे शत्रूला वाट, तिथंही दोन्ही बाजूंना माणूस बाहेर पडेल एवढी दारं ठेवलेली आहेत. आतल्या माणसाची काळजी वाहणाऱ्या कुणीतरी त्या दारांसाठी आग्रह धरला असणार. आपल्या घरच्या गाडीसाठी तो आग्रह आपल्यालाच धरावा लागेल.

म्हणून गॅरेजमधून गाडी घेताना चारही काचा वर जातात का, एवढंच न बघता चारही खाली येतात का, हे बघावं. सगळं एकदम करायला पैसे नसतात, हे मला ठाऊक आहे. जुन्या गाडीचं मशीन कधी भंगारातून शोधावं लागतं. मग आधी चालवणाऱ्याची काच करावी, आणि पाठोपाठ मुलं बसतात त्या बाजूची. कधी बटण दाबूनही काच हलली नाही, तर ते दाबून धरून दाराच्या पॅडवर मूठ आपटावी, झिजलेली मोटर पुष्कळदा तेवढ्यानं फिरते. आणि एक टोकदार हातोडी गाडीत असू द्यावी. जुन्या गाडीची बाजूची काच कोपऱ्यात घाव बसला की चुरा होते. समोरची तशी फुटत नाही, तिच्यावर वेळ घालवू नये. ही हातोडी डिकीत नको. पट्टा बांधून बसल्या जागेवरून हात पोचेल, अशा खणात हवी.